टीव्हीवरच्या विनोदाच्या महोत्सवाला पहिल्यांदाच जाताय? मग हे वाचून जा

एखादी विनोदी मालिका आपल्याला तोंडपाठ असते. कुठल्या वाक्यावर कोण वळून बघणार, दार उघडल्यावर कोण उभं असणार, सगळं माहीत असतं आणि तरीही हसू येतं. पण ती मालिका लिहिली कोणी, असं कोणी विचारलं की आपण गप्प. चिमणराव म्हटलं की दिलीप प्रभावळकर डोळ्यांसमोर येतात, गुंड्याभाऊ म्हटलं की बाळ कर्वे. मूळ कथा चिं. वि. जोशींच्या, हेही अनेकांना ठाऊक असतं. त्या कथा छोट्या पडद्याच्या मापात बसवणारे, कॅमेरा कुठे लावायचा ते ठरवणारे आणि नेमक्या क्षणी दृश्य तोडणारे हात मात्र सहसा कोणाला आठवत नाहीत.

टीव्ही विनोदाच्या महोत्सवात या हातांची माणसं समोर बसलेली असतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांचा बराचसा वेळ आवडत्या नटाबरोबर फोटो मिळवण्यात जातो. फोटो जरूर काढा, आवडत्या माणसाला भेटल्याचा आनंद खराच असतो. पण तेवढ्याच दोन-तीन दिवसांत तुम्हाला हसू कसं घडतं ते जवळून बघता येतं, आणि एकदा ते बघितलं की पुढे कुठलीही मालिका बघण्याची नजरच बदलते. त्यासाठी काय करायचं, ते क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: महोत्सव कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखा

महोत्सव हे नाव एकच, पण आतला मामला फार वेगवेगळा असतो.

काही महोत्सव मुळात व्यवसायातल्या लोकांसाठी असतात. स्वित्झर्लंडमधल्या माँत्रे गावात १९६१ साली ‘गोल्डन रोझ’ हा पुरस्कार सुरू झाला. वेगवेगळ्या देशांच्या दूरचित्रवाणी संस्थांनी आपापले करमणुकीचे कार्यक्रम तिथे आणायचे, एकमेकांचे बघायचे, परीक्षकांनी त्यातले निवडायचे, अशी ती कल्पना होती. अशा ठिकाणी खरेदी-विक्री, करार, बक्षिसं यांवर भर असतो. सामान्य प्रेक्षकाला मोजक्याच कार्यक्रमांत प्रवेश मिळतो, पण ज्या खेळांना मिळतो तिथे परक्या देशातला विनोद बघायला मिळतो. ही संधी सोडण्यासारखी नसते.

दुसऱ्या प्रकारचे महोत्सव प्रेक्षकांसाठीच भरतात. लॉस एंजेलिसमधला पॅलेफेस्ट १९८४ पासून होतो, ऑस्टिनमधला एटीएक्स २०१२ पासून. हे दोन्ही फक्त विनोदाचे नाहीत, सगळ्याच टीव्हीचे आहेत. पण एखाद्या गाजलेल्या विनोदी मालिकेचा संच पुन्हा एकत्र येऊन मंचावर बोलतोय, हे दृश्य अशाच ठिकाणी बघायला मिळतं.

तिसरा प्रकार मला सगळ्यात जवळचा वाटतो. एखाद्या कलावंताच्या गावी, त्याच्या स्मृतीभोवती भरणारे महोत्सव. न्यूयॉर्क राज्यातलं जेम्सटाउन हे ‘आय लव्ह लूसी’ या विनोदी मालिकेच्या नायिका लूसील बॉल यांचं जन्मगाव. त्यांचा जन्म ६ ऑगस्ट १९११ चा, आणि दर वर्षी ऑगस्टमध्ये तिथे त्यांच्या नावाचा विनोद महोत्सव असतो. याच गावात २०१८ साली विनोदाच्या इतिहासाला वाहिलेलं नॅशनल कॉमेडी सेंटर हे संग्रहालय उघडलं. अशा ठिकाणी कागद बघायला मिळतात: संहिता, हाताने केलेल्या खाडाखोडी, टिपणं. छापील पुस्तकात जे कधी येत नाही ते तिथे समोर असतं.

तुमच्या हातातला महोत्सव यांपैकी कुठला, हे कार्यक्रमपत्रिकेवरून कळतं. पाहुण्यांच्या नावांपुढे काय लिहिलंय ते वाचा. ‘लेखक’, ‘संकलक’, ‘निर्माता’, ‘वेशभूषाकार’ असे शब्द दिसत असतील तर डोळे मिटून जा. सगळीकडे फक्त ‘कलाकार’ असेल तर तो चाहत्यांचा मेळावा आहे, त्या अपेक्षेने जा. आणि पत्रिकेत मुख्यतः स्टँड-अप असेल, तर मजा नक्की येईल, पण ती वेगळ्या कलेची. एकट्याने माइकसमोर उभं राहून हसवणं आणि शंभर-दीडशे माणसांनी मिळून बावीस मिनिटांचा एक भाग उभा करणं, या दोन गोष्टींचे कष्टही वेगळे आणि हिशेबही वेगळे.

दुसरी पायरी: जाण्याआधी एकच भाग तीनदा बघा

सगळ्या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा. महोत्सवात ज्या मालिकेवर चर्चा आहे, तिचा एक भाग निवडा. पाच-सहा भाग भराभर बघण्यापेक्षा एकाच भागाला तीन बैठका द्या.

पहिल्यांदा नेहमीसारखा बघा. हसा, विसरून जा.

दुसऱ्यांदा आवाज बंद करून बघा. आता माणसं खोलीत कुठून कुठे जातात ते दिसायला लागेल. सोफा जवळजवळ नेहमी मधोमध का असतो, दार एका बाजूला आणि जिना दुसऱ्या बाजूला का, कोणी बोलत असताना कॅमेरा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर का थांबतो, हे प्रश्न आपोआप पडतात. विनोदात अनेकदा बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचा चेहरा जास्त हसवतो, आणि तो नेमका कधी दाखवायचा हा निर्णय संकलकाच्या टेबलावर होतो. सेकंदाला पंचवीस चित्रं धावत असतात, आणि त्यातली दोन-तीन इकडची तिकडे झाली तरी हशा पडतो किंवा उठतो.

तिसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करा आणि फक्त ऐका. ‘चिअर्स’ या १९८२ च्या मालिकेच्या निर्मात्यांपैकी एक असलेले जेम्स बरोज यांनी टीव्ही विनोदाचे हजाराहून अधिक भाग दिग्दर्शित केले. चित्रीकरणाच्या वेळी मॉनिटरवर नजर खिळवण्यापेक्षा संवादांची लय कानांनी पकडण्यावर त्यांचा भर असायचा. तुम्हीही तसंच करून बघा. वाक्याचा शेवटचा शब्द कुठला आहे? हशा पिकवणारा शब्द जवळजवळ नेहमी वाक्याच्या टोकाला असतो. त्यानंतर एक जरी शब्द उरला तरी तो हशाखाली दबतो. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे आपल्या लेखकांना हा पंच टोकाला नेण्यासाठी वाक्य अनेकदा उलटंपालटं करावं लागतं. एखाद्या चांगल्या मराठी प्रहसनात हे कान देऊन ऐका, फार सुंदर असतं ते.

एवढं झालं की श्रेयनामावली थांबवून थांबवून वाचा आणि वहीत पाच नावं लिहा: लेखक, दिग्दर्शक, संकलक, छायाचित्रकार आणि पात्रनिवड करणारी व्यक्ती. मग कार्यक्रमपत्रिका पुन्हा उघडा. पाचांतलं एखादं नाव तिथे सापडलं तर तो कार्यक्रम तुमचा.

तिसरी पायरी: दिवस भरून टाकू नका

नवख्यांना सगळंच बघायचं असतं. माझा अनुभव असा की दिवसाला तीन कार्यक्रम पुरेत, चौथ्याला कान आणि डोकं दोन्ही थकलेली असतात. हसणं हे दमवणारं काम आहे. एक मोठा कार्यक्रम, एक छोट्या दालनातला आणि एक ज्याबद्दल तुम्हाला काहीच माहीत नाही असा, ही वाटणी मला लाभली. मोठ्या दालनाची रांग फार आधी लागते, आणि पास असला म्हणजे जागा मिळेलच असं नसतं. अनेक ठिकाणी वेगळी नोंदणी करावी लागते, तेवढं पास घेतानाच विचारून ठेवा. कमी ऐकू येत असेल तर उपशीर्षकं किंवा खुणांच्या भाषेची सोय आहे का, हेही तेव्हाच विचारावं. विनोदात एक शब्द हुकला तरी सगळं हुकतं.

चौथी पायरी: कुठल्या कार्यक्रमात काय बघायचं

*प्रेक्षकांसमोरचं चित्रीकरण.* अशी संधी असेल तर बाकी सगळं रद्द करा. पण त्याआधी त्यामागची एक गोष्ट माहीत करून घ्या.

१५ ऑक्टोबर १९५१ ला ‘आय लव्ह लूसी’ अमेरिकेत पहिल्यांदा दिसली. त्या काळी बहुतेक कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित होत. दूरच्या किनाऱ्यावर दाखवायचे असले तर पडद्यावरच्या चित्राचंच पुन्हा चित्रण करून ती धूसर प्रत पाठवत. लूसील बॉल आणि त्यांचे पती डेझी आर्नाझ यांना लॉस एंजेलिस सोडायचं नव्हतं, आणि प्रायोजकाला देशाच्या पूर्व भागातल्या प्रेक्षकांसाठी धूसर चित्र चालणार नव्हतं. यावर तोडगा निघाला तो असा की कार्यक्रम सिनेमासारखा ३५ मिलिमीटर फिल्मवर, पण समोर खरे प्रेक्षक बसवून, एकाच वेळी तीन कॅमेऱ्यांनी चित्रित करायचा. तीन कॅमेरे म्हणजे तीन कोन, आणि प्रत्येक कोनासाठी प्रकाशयोजना बदलत बसलं तर प्रेक्षक थंड होणार. ‘मेट्रोपोलिस’ या १९२७ च्या मूकपटाचं छायाचित्रण करणाऱ्यांपैकी एक, कार्ल फ्रॉइंड, यांनी वरून सगळीकडे सारखा पडणारा प्रकाश बांधला आणि प्रश्न सोडवला. फिल्मचा खर्च वाढला म्हणून दोघांनी मानधन कमी घेतलं आणि बदल्यात भागांची मालकी स्वतःकडे ठेवली. पुढे पुनःप्रक्षेपणाच्या व्यवसायाला त्यातूनच पाया मिळाला.

चित्रीकरणाला बसाल तेव्हा हे सगळं तुमच्यासमोर जिवंत असेल. मान वर करून दिवे बघा, मग कॅमेरे मोजा. सुरुवातीला एक माणूस येऊन तुमच्याशी गप्पा मारेल, हसवेल. प्रेक्षकांना तयार करणं हेच त्याचं काम असतं, आणि ते फार कठीण काम आहे. चित्रीकरण तासन्‌तास चालतं. एकच प्रसंग तिसऱ्यांदा होतो तेव्हा लक्ष द्या: अनेकदा मधल्या वेळात लेखकांचा घोळका कोपऱ्यात कुजबुजतो आणि पुढच्या वेळी संवाद बदललेला असतो. तो बदल टिपून ठेवा. तुमच्या हसण्याने, किंवा न हसण्याने, एक वाक्य बदललं गेलेलं असतं. म्हणून तिथे उपकार केल्यासारखं हसू नका. हसू आलं तरच हसा, खोट्या हशाने लिहिणाऱ्यांची दिशाभूल होते.

*संहितावाचन.* याला त्या जगात टेबल रीड म्हणतात. नट टेबलाभोवती बसून संहिता मोठ्याने वाचतात. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही, कागद आणि आवाज एवढंच. इथे नटांकडे कमी आणि लेखकांकडे जास्त बघा. ते हातात पेन्सिल घेऊन खाली मान घालून बसलेले असतात. हशा आला की एक खूण, अपेक्षित जागी नाही आला की दुसरी. या खुणांवरून पुढच्या फेरलेखनाची सुरुवात होते.

‘रायटर्स रूम’ हा शब्द इथे वारंवार ऐकू येईल. एका खोलीत सात-आठ, कधी दहा-बारा लेखक बसून एकच भाग घडवतात, ही मुख्यतः अमेरिकी पद्धत. १९५० ते १९५४ या काळात ‘युअर शो ऑफ शोज’ हा नव्वद मिनिटांचा कार्यक्रम दर शनिवारी थेट प्रक्षेपित होत असे. त्याच्या लेखकांत मेल टोल्किन, लूसील कॅलन, मेल ब्रूक्स आणि नील सायमन होते. कार्ल रायनर त्यात अभिनय करायचे आणि लेखकांच्या खोलीतही बसायचे. त्या खोलीच्या आठवणींतून त्यांनी पुढे ‘द डिक व्हॅन डाइक शो’ (१९६१ ते १९६६) निर्माण केला. त्याचा नायक टीव्हीच्या विनोदी कार्यक्रमाचा लेखक आहे. महोत्सवाआधी लेखकांच्या कामाची चव घ्यायची असेल तर याच्यासारखी दुसरी मालिका नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण इंग्लंडचं. ‘फॉल्टी टॉवर्स’ चे भाग फक्त बारा, सहा १९७५ चे आणि सहा १९७९ चे. जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ या दोघांनीच ते लिहिले, एकेका संहितेवर कित्येक आठवडे घालवून. पात्रं दारातून कधी येतात, कधी जातात, कोणाला काय माहीत आहे आणि काय नाही, याची वीण इतकी घट्ट आहे की एक धागा ओढला तर सगळा भाग उसवेल. खोलीभर लेखकांनी वर्षाला वीस-बावीस भाग लिहायचे की दोघांनी चार वर्षांत बारा, यात बरोबर-चूक काही नाही. पण व्यासपीठावरचे लेखक कुठल्या पद्धतीतून आलेत हे माहीत असलं तर त्यांचं बोलणं नीट कळतं.

*चर्चासत्र.* निवडताना एकच कसोटी लावा: मंचावर लेखक किंवा संकलक आहे का? फक्त नटच असतील तर आठवणी ऐकायला मिळतात, त्या गोड असतात, पण बऱ्याचशा आधी मुलाखतींतून येऊन गेलेल्या असतात. लेखक आणि नट शेजारी बसले की मात्र एकाचं वाक्य दुसरा दुरुस्त करतो, आणि खरं बोलणं तिथून सुरू होतं. ‘आय लव्ह लूसी’ च्या लेखकांत जेस ऑपनहायमर आणि बॉब कॅरल यांच्याबरोबर मॅडेलिन प्यू होत्या. लूसीसाठी लिहिलेल्या करामती प्रत्यक्षात जमतात का, हे त्या आधी स्वतः करून बघत असत. अशी गोष्ट कुठल्याही भागात पडद्यावर दिसत नाही, ती कोणीतरी सांगितली तरच कळते.

*हशाविषयीचं काहीही.* ध्वनी या विषयावर सत्र असेल तर तिथे गर्दी नसते आणि म्हणूनच मी ते आवर्जून सुचवतो. ध्वनिमुद्रित हशाची आपण सहज टिंगल करतो, पण त्यामागचं कौशल्य ऐकलं की मत बदलतं. चार्ली डग्लस या ध्वनी अभियंत्याने १९५० च्या दशकात एक पेटी बनवली. कळा दाबल्या की स्मितापासून गडगडाटापर्यंतचे वेगवेगळे हशे निघत, आणि पायाखालच्या पट्टीने ते कमी-जास्त करता येत. तो ती वाद्यासारखी वाजवायचा, आणि तिच्या आत काय आहे हे कोणाला दिसू देत नसे.

युद्धभूमीवरच्या डॉक्टरांची कथा सांगणारी ‘मॅश’ (१९७२ ते १९८३) घडवताना लॅरी गेलबार्ट यांना असा हशा नकोच होता. वाहिनीला तो हवा होता. शेवटी तडजोड झाली: शस्त्रक्रियेच्या दृश्यांत हशा वाजणार नाही. इंग्लंडमध्ये बीबीसीने ही मालिका हशाशिवायच दाखवली. दोन्ही रूपांतला एकच प्रसंग पाठोपाठ ऐकवणारं सत्र कुठे असेल तर चुकवू नका. हशा काढला की तीच वाक्यं जड वाटायला लागतात, दुःख वर येतं. २००१ ची इंग्रजी ‘द ऑफिस’ तर हशाशिवायच रचलेली. तिथे एखादं पात्र काहीतरी भयंकर बोलतं आणि दुसरं हळूच कॅमेऱ्याकडे बघतं. त्या नजरेने हशाची जागा घेतली.

*जुन्या भागांचे खेळ.* हे सहसा सगळ्यात रिकाम्या दालनात, अडनिड्या वेळी असतात. मला स्वतःला महोत्सवातला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

कारण टीव्हीने आपला इतिहास स्वतःच्या हाताने पुसलाय. १९६० च्या दशकात चित्रफिती महाग होत्या, पुनःप्रक्षेपणावर करारांची बंधनं होती आणि घरी कोणी हे पुन्हा बघेल अशी कल्पनाही नव्हती. त्यामुळे एका कार्यक्रमाच्या फितीवर दुसरा मुद्रित होत राहिला. पीटर कुक आणि डडली मूर या इंग्लिश विनोदी जोडीच्या ‘नॉट ओन्ली बट ऑल्सो’ चा मोठा भाग असाच गेला. ‘डॅड्स आर्मी’ ही इंग्लंडमधली अतिशय लाडकी मालिका, तिच्या ऐंशी भागांपैकी १९६९ च्या दुसऱ्या हंगामातले तीन भाग आजही सापडलेले नाहीत. त्याच हंगामातले दोन २००१ मध्ये हाती लागले, त्यामुळे आशा ठेवणारे लोक आहेत. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट १९९३ पासून ‘मिसिंग बिलीव्ह्ड वाइप्ड’ या नावाने असे सापडलेले कार्यक्रम लोकांना दाखवते. कोणाच्या माळ्यावर एक डबा निघतो, आणि कित्येक दशकांनी पहिल्यांदा एखाद्या विनोदावर माणसं हसतात. असा खेळ पत्रिकेत दिसला तर आवडत्या नटाचा कार्यक्रम सोडूनही जा. तो नट पुढच्या वर्षीही भेटेल.

जुनं बघताना काही विनोद आज खटकतील. जातीवरून, वर्णावरून, बाईवरून केलेले विनोद त्या काळात सर्रास होते. खटकलं तर खटकू द्या, आणि खेळानंतर चर्चा असेल तर तसं स्पष्ट बोला. चांगले आयोजक यासाठी मुद्दाम वेळ ठेवतात.

पाचवी पायरी: प्रश्न विचारायला शिका

प्रश्नोत्तरांत माइक तुमच्या हातात आला की तुमच्याकडे जेमतेम अर्धं मिनिट असतं. ‘मी तुमचा लहानपणापासून चाहता आहे’ इथे ते संपून जातं. कौतुक एका वाक्यात करा, मनापासून करा, आणि लगेच प्रश्नाला या.

‘तुम्हाला कल्पना कशा सुचतात?’ या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नसतं. सामान्य प्रश्नाला सामान्य उत्तर मिळतं. नेमका प्रश्न विचारायचा तर नेमका भाग माहीत हवा, आणि दुसऱ्या पायरीतल्या तीन बैठका इथे कामी येतात. ‘त्या जेवणाच्या प्रसंगात आजोबा शेवटपर्यंत एक शब्दही बोलत नाहीत, ते पहिल्या मसुद्यापासून तसं होतं का?’ असा प्रश्न आला की लेखक खुर्चीत पुढे सरकतो. कोणीतरी आपलं काम इतक्या बारकाईने बघितलंय हे त्याला कळतं, आणि मग तो जे सांगतो ते खास तुमच्यासाठी असतं.

काही प्रश्न जवळजवळ कधीच वाया जात नाहीत. कुठला विनोद तुम्हाला फार आवडायचा पण कापावा लागला? वाचनाच्या वेळी पडलेला पण चित्रीकरणात उठलेला प्रसंग कुठला? एखाद्या नटामुळे पात्रच बदललं असं झालं का? वेळेत बसवण्यासाठी शेवटची दोन मिनिटं कुठून काढलीत? हा शेवटचा प्रश्न संकलकाला विचारा. जाहिरातींसकट अर्ध्या तासाच्या जागेत प्रत्यक्ष भाग बावीस मिनिटांच्या आसपासच मावतो, त्यामुळे कापाकापी हे त्याचं रोजचं दुखणं असतं आणि त्याबद्दल सहसा कोणी त्याला विचारत नाही.

मालिका ज्यांनी अजून पाहिली नाही ते शेजारी बसलेले असतात, तेव्हा शेवट फोडणारा प्रश्न टाळा. आणि नटांना त्यांचं गाजलेलं वाक्य म्हणून दाखवायला लावू नका. ते वाक्य त्यांनी आयुष्यात हजारदा म्हटलेलं असतं, आणि ते पात्राचं असतं, त्यांचं स्वतःचं नसतं.

सहावी पायरी: स्वतःची संहिता घेऊन जाणाऱ्यांसाठी

तुम्हाला विनोद लिहायचा असेल तर महोत्सव ही जागा चांगली आहे, पण संहितेची चळत घेऊन लेखकांच्या मागे फिरू नका. अनेक लेखक आणि निर्मितीसंस्था न मागता आलेलं लिखाण वाचतच नाहीत. उद्या त्यांच्या मालिकेत तसाच प्रसंग आला तर चोरीचा आरोप होऊ शकतो, म्हणून त्यांना तसा सल्लाच असतो. हातात कागद कोंबलात तर त्यांना नाही म्हणावं लागतं आणि तुम्हाला वाईट वाटतं.

त्याऐवजी तुमची कल्पना एका वाक्यात सांगता येते का ते बघा. माणसं कोण, त्यांना एकाच जागी अडकवून ठेवणारं कारण कुठलं, आणि त्यांचं एकमेकांशी का पटत नाही, एवढं त्या वाक्यात यायला हवं. सिटकॉमचा, म्हणजे त्याच त्या पात्रांवर चालणाऱ्या विनोदी मालिकेचा, कणा हाच असतो: एकमेकांना सोडून जाता न येणारी माणसं. कुटुंब असेल, कचेरी असेल, लष्करी तळ असेल. पात्रं सुटू शकत असतील तर मालिका दहाव्या भागातच संपते. हे वाक्य पिचिंगच्या, म्हणजे आपली कल्पना अनुभवी माणसांपुढे मांडण्याच्या, सत्रात उपयोगी पडतं. तिथे बोलावणं नसेल तरी प्रेक्षक म्हणून बसा, इतरांच्या कल्पनांवर अनुभवी माणसं काय विचारतात ते ऐकून खूप कळतं.

कार्यशाळा निवडताना ‘यशाची गुरुकिल्ली’ छापाचं व्याख्यान सोडा आणि जिथे प्रत्यक्ष दोन पानं लिहून घेतात तिथे जा. आणि रांगेत शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी बोला. मंचावरचे दिग्गज तुम्हाला लक्षात ठेवतील याची शक्यता कमी, पण तुमच्यासारखाच नवखा लेखक तुमची संहिता खरोखर वाचेल आणि तिसऱ्या पानावर कंटाळा आला हे स्पष्ट सांगेल. असा एक वाचक मिळाला तरी महोत्सव वसूल.

सातवी पायरी: दालनातली रीत

फोन बंद ठेवा, नुसता मूक नको. अंधारात पडदा उजळला की पुढे-मागे दहा जणांचं लक्ष तुटतं, आणि तुटलेल्या लक्षावर विनोद उभा राहत नाही. चित्रीकरण आणि न दाखवलेल्या भागांच्या खेळात मुद्रण करायला सक्त मनाई असते, कधीकधी फोन दाराशीच ठेवून घेतात. स्वाक्षरी किंवा फोटो हवा असेल तर त्यासाठी ठरवलेल्या जागीच मागा. जेवत असलेल्या, फोनवर बोलत असलेल्या माणसाला अडवू नका. एखादा लेखक एकटा उभा दिसला तर मात्र न संकोचता जा. ‘तुमचं नाव श्रेयनामावलीत वाचलं, तो भाग मला फार आवडला,’ एवढंच म्हणा. हे वाक्य त्याला तुम्हाला वाटतं त्यापेक्षा फारच कमी वेळा ऐकायला मिळतं.

आठवी पायरी: त्याच रात्री लिहून काढा

ऐकलेले विनोद सकाळपर्यंत विरून जातात. झोपण्याआधी अर्धा तास वही घेऊन बसा. भाषणांचा सारांश लिहू नका, तीनच गोष्टी लिहा: दालन सगळ्यात मोठ्याने कुठे हसलं, तुम्ही एकटेच कुठे हसलात, आणि सगळे हसले पण तुम्हाला हसू आलं नाही असं कुठे झालं. प्रत्येकापुढे कारण काय असावं याचा तुमचा अंदाज एका ओळीत. तिसऱ्या नोंदीवर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण तुमची स्वतःची आवड कुठे आहे ते तिथे कळतं.

घरी परतल्यावर आठवड्याभरात तोच भाग चौथ्यांदा बघा, जाण्याआधी तीनदा बघितलेला. या वेळी आवाजही असू द्या आणि चित्रही. जिथे आधी फक्त हसला होतात तिथे आता पेन्सिल घेऊन खाली मान घातलेला लेखक दिसेल, वरून सारखा पडणारा प्रकाश दिसेल, दृश्य तुटण्याआधीची ती दोन-तीन चित्रं जाणवतील. हसू तरीही येईलच. शेवटी श्रेयनामावली सुरू झाली की पुढच्या भागाचं बटण दाबू नका, नावं पूर्ण वर सरकू द्या.